नमुना क्रमांक सात आणि कौमुदीताईंचा आठ

वेदना मोजल्याखेरीज कमी होत नाही, हे प्रशासनातलं जुनं आणि सिद्ध झालेलं सत्य आहे. मोजली, की ती बहुधा कमीच भरते.

मी, रमाकांत, चौतीस वर्षं सरकारी सांख्यिकी कचेरीत होतो. माझे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, आणि त्यांचं मोत्यासारखं अक्षर पाहून लोक (म्हणजे आमच्याच घरातले) अजून हळहळतात. त्यामुळे निवृत्तीनंतर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या 'कै. उमाबाई टिपणीस स्मारक स्त्री-चिकित्सालया'ने मला मानद सचिव म्हणून बोलावलं, तेव्हा मी ही संधी सोडली नाही. रुग्णांची सेवा डॉक्टर आणि नर्स करतच होत्या. रुग्णांची नोंद कुणी करत नव्हतं.

आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी उभ्या उभ्या करायच्या तपासण्या असतात. उभं फक्त नातेवाइकांनी राहायचं; बाईंनी टेबलावर पडायचं. डॉक्टर गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून पाहतात, अस्तराचा लहानसा तुकडा तपासायला काढतात, आणि बाई दुपारच्या स्वयंपाकाला घरी. भूल नाही, खाट नाही, मुक्काम नाही. वैद्यकशास्त्राची ही मोठीच झेप आहे. पूर्वी ज्यासाठी बाईला बेशुद्ध करावं लागे, ते आता ती पूर्ण शुद्धीवर असताना करता येतं. फक्त 'थोडंसं दुखेल' एवढं सांगावं लागतं.

या कामी वापरायच्या शब्दांचा मी रीतसर अभ्यास केला आहे. 'थोडंसं दुखेल' हे प्रारंभी. 'सैल सोडा' हे दर वीस सेकंदांनी. 'जरा खोका बघू' हे चिमट्याने गर्भाशयाचं तोंड धरताना (बाई खोकण्यात गुंतली की तिला चिमटा कळत नाही, असं शास्त्र आहे, बायकांचं म्हणणं अद्याप शास्त्रात आलेलं नाही). आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 'झालंच'. पहिल्या 'झालंच'पासून प्रत्यक्ष होईपर्यंत सरासरी चार मिनिटं वीस सेकंद लागतात.

वेदनेची नोंद ठेवण्यासाठी मी स्वतः 'नमुना क्रमांक सात' तयार केला. त्यात शून्य ते दहा आकडे आणि त्याखाली चेहऱ्यांची चित्रं. मूळ आराखड्यात सहा चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. पण अध्यक्ष गोविंदराव म्हणाले, की रडके चेहरे बाहेरच्या खोलीत बसलेल्या बायकांना घाबरवतील, शिवाय समोर नवरात्र आहे. म्हणून शेवटचे दोन गाळले. उरले चार: हसरा, कमी हसरा, सरळ ओठांचा आणि विचारमग्न. विचारमग्न चेहरा सहा या आकड्याखाली येतो. त्यापुढच्या आकड्यांखाली कागद कोरा आहे.

पत्रक तपासणीच्या आधी भरून घ्यायचं असा नियम मीच केला, कारण नंतर बायका लिहिण्याच्या मनःस्थितीत नसतात. पत्रकांपैकी एकसष्ट टक्के बरोबर आलेल्या नवऱ्यांनी भरली, कारण पेन त्यांच्याच खिशात असतं. चारशे बारा पत्रकांची सरासरी आली एक पूर्णांक आठ. करजणच्या एका बाईंनी मात्र तपासणीनंतर पत्रक मागून घेऊन त्यावर 'दहा' लिहिलं होतं. ती त्यांची येण्याची वेळ असावी, असं चौकशीअंती ठरवण्यात आलं.

डॉ. निरुपमा ही सरासरी सगळ्यांना सांगत. त्या माणूस म्हणून उत्तम. त्यांच्या हाताला गुण आहे असं अर्धं बडोदं म्हणतं आणि ते खरं आहे. आपल्या टेबलावर फारसं दुखत नाही, असं त्या मनापासून समजत होत्या. कागद तसं सांगत होता, आणि कागद माझा होता.

अशा सुरळीत चाललेल्या संस्थेत एका मंगळवारी कौमुदीताई आल्या.

वय एक्कावन्न, शाळेत विज्ञान शिकवतात. चौदा महिने पाळी बंद होती, आणि अचानक परत डाग दिसायला लागले. सोनोग्राफीत अस्तर जाड निघालं, म्हणून तुकडा तपासायला सांगितला. त्यांच्या थोरल्या मावशीचंही असंच सुरू झालं होतं, आणि मावशीने पुढची दिवाळी पाहिली नव्हती. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला सांगितलं त्यांच्या यजमानांनी, अनुपरावांनी. ते गोरव्यात एका कारखान्यात इंजिनीअर आहेत. बाकावर बसून ते दर दोन मिनिटांनी मोबाइल चालू करत आणि काही न पाहता बंद करत.

मी नमुना क्रमांक सात पुढे केला.

"हे आत्ता भरायचं?" कौमुदीताईंनी विचारलं.

"हो ताई. तशी पद्धत आहे."

"प्रयोगाच्या आधी निरीक्षण? माझ्या वर्गातली पोरं असं करतात. मी त्यांना शून्य देते."

"शून्य चालेल," मी म्हटलं. "पुष्कळ जणी शून्यच देतात."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पत्रकाची घडी घातली, आणि पेनासकट आत घेऊन गेल्या. विहित पद्धतीचा हा पहिला भंग.

आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण डॉक्टर, नर्स भावनाबेन आणि खुद्द कौमुदीताई या तिघींनी मला ते वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि तिन्ही हकिगती जुळल्या. (सांख्यिकीत अशा वेळी संशय घ्यावा असं आहे. मी घेतला. उपयोग झाला नाही.)

डॉक्टर म्हणाल्या, "थोडंसं दुखेल हं." मग म्हणाल्या, "जरा खोका बघू." कौमुदीताई खोकल्या. आणि मग त्यांना असं दुखलं, की डोक्यावरच्या एका दिव्याचे दोन झाले. ओटीपोटातून कुणीतरी मूठ घालून पिळतंय आणि तो पीळ कमरेतून मांड्यांत उतरतोय, असं त्या म्हणाल्या. दोन बाळंतपणं झालेली बाई. त्यांना कळा माहीत होत्या. पण कळांना पुढे काहीतरी मिळणार असतं. इथे पुढे काय मिळणार याचीच तर भीती होती.

"थांबा," त्या म्हणाल्या.

"झालंच," डॉक्टर म्हणाल्या.

"थांबा म्हणतेय मी."

"अगदी दोन मिनिटं. सैल सोडा."

"थांबा!"

यावर डॉक्टर नेहमीप्रमाणे 'झालंच' म्हणणार, तोच भावनाबेन बोलल्या. बावीस वर्षांच्या नोकरीत तपासणी चालू असताना त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"मॅडम, ऊभा रहो! बेननो चहेरो जुओ."

डॉक्टर थांबल्या. मान वर करून त्यांनी चेहरा पाहिला. इथे एक तांत्रिक बाब नमूद केली पाहिजे: डॉक्टर ज्या टोकाला बसतात, तिथून रुग्णाचा चेहरा दिसत नाही. मध्ये चादर असते. चादर रुग्णाला संकोच वाटू नये म्हणून असते, आणि ती दोन्ही बाजूंनी उत्तम काम करते.

कौमुदीताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घामाचे थेंब होते आणि नाडी मिनिटाला अठ्ठेचाळीस. डॉक्टरांनी लगेच सगळं बाहेर काढलं. पाय उंच केले, अंगावर पांघरूण घातलं. कौमुदीताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी रडत नाहीये," त्या म्हणाल्या. "पाणी येतंय फक्त."

"असू दे, असू दे," डॉक्टर म्हणाल्या. त्या खरोखर गोंधळल्या होत्या. "पण एवढं सहसा कुणाला दुखत नाही हो. आमची सरासरी एक पूर्णांक आठ आहे."

यावर भावनाबेननी आपल्या डाव्या हाताची बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत त्यांनी एक जाड गादीचं पॅड बांधलं होतं. फलंदाज चेंडू लागू नये म्हणून बांधतात, तसलं. त्यांच्या मुलाचं, हार्दिकचं होतं ते. गेली सात वर्षं त्या दर मंगळवार-शुक्रवार ते बांधून येत. आम्हाला वाटे, बाईंना वात असावा.

पॅड जिथे संपत होतं, तिथून पुढे हाताच्या पाठीवर नखांच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. काही ताज्या, लाल. काही जुन्या, काळपट.

"आ आजनां," भावनाबेन बोट ठेवून दाखवायला लागल्या. "आ शुक्रवारनां. पेलां करजणवाळां बेननां तो पंदर दिवस रह्यां. मॅडम, तमे पेली बाजू बेसो छो. हुं आ बाजू ऊभी रहुं छुं."

डॉक्टर त्या बाजूला बसत, भावनाबेन या बाजूला उभ्या राहत; आता डॉक्टर त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हातमोजे काढून टोपलीत टाकले आणि म्हणाल्या, "आज नको. आज इथेच थांबू या."

कौमुदीताई अर्ध्या तासाने भिंतीला धरून बाहेर आल्या. अनुपराव कोपऱ्यावर सेव उसळ खाऊन नुकतेच परतले होते. (काळजीने भूक लागते, असं त्यांचं म्हणणं. प्रतीक्षाकक्षातल्या यजमानांत हे प्रमाण बहात्तर टक्के आहे.)

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही," कौमुदीताई म्हणाल्या.

या प्रश्नाला हे उत्तर येतं हे अनुपरावांना ठाऊक नसावं. त्यांचे हात तसेच पिशवी घ्यायला पुढे आलेले राहिले.

कौमुदीताईंनी माझ्या टेबलावर पत्रक ठेवलं. आठ या आकड्याभोवती त्यांनी व्यवस्थित गोल केला होता. शाळेतल्या बाईंचा गोल, टोकं जुळलेली.

मी अडचणीत आलो. "ताई, आठला चेहरा नाहीये."

"मग माझा लावा," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

तीन आठवडे त्या आल्या नाहीत. आम्ही दोन स्मरणपत्रं पाठवली ('आपली तपासणी आपल्या बाजूने अपूर्ण आहे'). अनुपराव एकदा एकटेच येऊन बसले. कौमुदी शाळेत जाते, घरी येते, वह्या तपासते, म्हणाले. डाग अजून दिसतात. परत जाऊ या म्हटलं तर म्हणते, 'मावशीचं झालं तेच होऊ दे, पण त्या टेबलावर मी नाही जाणार.'

"रात्रीची जागी असते," ते म्हणाले. "मी विचारलं, काय झालं, तर म्हणते, काही नाही. साहेब, 'काही नाही' म्हणजे किती, हे तुमच्या कागदात कुठे बसतं?"

मी त्यांना पाणी दिलं. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

त्याच आठवड्यात डॉ. निरुपमांनी विश्वस्तांची तातडीची सभा मागितली. विश्वस्त पाच, सर्व पुरुष, अनुभवी. सभेचं इतिवृत्त मी लिहिलं असून ते उपलब्ध आहे. डॉक्टरांचं म्हणणं थोडक्यात असं: तासभर आधी दुखणं कमी करणारी गोळी द्यावी. गर्भाशयाच्या तोंडाशी बधिर करण्याचं इंजेक्शन हवं का, हे प्रत्येकीला विचारावं. ज्यांना मुळीच सहन होणार नाही, त्यांना वेगळ्या दिवशी पूर्ण भूल देऊन करावं. आणि बाई 'थांबा' म्हणाली की थांबावं.

"पण मग गरजेपेक्षा जास्त बायका थांबा म्हणतील," गोविंदराव म्हणाले.

"म्हणू देत," डॉक्टर म्हणाल्या. "गोविंदराव, तुमची मागच्या महिन्यात दाढ काढली, तेव्हा बधिर केली होती ना?"

"दोनदा. पहिलं इंजेक्शन पुरेसं लागलं नाही."

"मग इथे का नको?"

गोविंदराव विचारात पडले. "दाढ हा फार नाजूक अवयव आहे, मॅडम," ते म्हणाले.

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू गोविंदरावांचे कान लाल झाले. प्रस्ताव एकमताने संमत झाला. (प्रायोगिक तत्त्वावर. आमच्याकडे इमारतसुद्धा प्रायोगिक तत्त्वावर आहे.)

सभेनंतर डॉक्टरांनी माझ्याच टेबलावरून कौमुदीताईंना फोन लावला. मी समोर बसलो होतो, त्यामुळे मला ऐकावं लागलं.

"कौमुदीताई, मी निरुपमा. माझं चुकलं."

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द मी कार्यालयीन वेळेत ऐकले नव्हते. त्यांच्यासाठी कोणताही विहित नमुना नाही.

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "हो. दुखणारच नाही असं नाही म्हणत मी. कमी दुखेल. आणि कधी दुखणार ते आधी सांगेन. खोटं नाही सांगणार." पलीकडून आणखी काही विचारलं गेलं. "हो, थांबेन. पहिल्यांदाच म्हणालात की थांबेन."

पुढच्या शुक्रवारी कौमुदीताई आल्या. तासभर आधी गोळी घेतलेली. हात गार पडले होते. अनुपरावांनी या खेपेला काही खाल्लं नाही. ते दाराबाहेर उभे राहिले, आणि मी त्यांना बसायला सांगितलं नाही.

आत चादर होती, पण खाली घेतली होती, एकमेकींचे चेहरे दिसतील अशी. डॉक्टरांनी प्रत्येक गोष्ट आधी सांगितली. "आता इंजेक्शन. हे दुखेल. दहा सेकंद." कौमुदीताईंनी मोठ्याने दहा अंक मोजले. बाहेर आम्हा दोघांना ऐकू आले. सातवर आवाज चिरकला, पण नऊ आणि दहा नीट आले. पुढे एकदा त्या म्हणाल्या, "थांबा," आणि खोलीतलं सगळं थांबलं. कुणी 'झालंच' म्हणालं नाही. त्यांनी चार-पाच श्वास घेतले.

"हां. करा आता," त्या म्हणाल्या.

तुकडा मिळाला. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे ओले होते, पण भिंत धरलेली नव्हती. पत्रकावर त्यांनी लिहिलं: चार. आणि खाली, विहित जागा नसतानाही: 'चार हे सहन करता येतं. आठ सहन करावं लागतं.'

आठ दिवसांनी निकाल आला. पेशी वाढल्या होत्या, पण वाईट वळणाच्या नव्हत्या. औषधांनी बऱ्या होतील, दर सहा महिन्यांनी लक्ष ठेवावं लागेल. असंच सोडलं असतं तर पुढे काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि कौमुदीताईंनी विचारलं नाही. अनुपरावांनी मात्र प्रतीक्षाकक्षातल्या पंख्याखाली उभं राहून लहान मुलासारखं नाक ओढलं. कौमुदीताईंनी त्यांना स्वतःचा रुमाल दिला आणि म्हणाल्या, "चला, मला सेव उसळ खायचीय. मागच्या वेळी तुम्ही एकट्याने खाल्लीत."

आता संस्थेच्या अहवालाकडे वळू. पत्रक तपासणीनंतर आणि ज्या व्यक्तीची तपासणी झाली त्याच व्यक्तीकडून भरून घेतल्यापासून आमची सरासरी तीन पूर्णांक नऊ झाली आहे. म्हणजे बधिर करायला लागल्यापासून वेदना दुपटीहून अधिक वाढल्या. विश्वस्त चिंतेत आहेत. जुन्या पद्धतीत बायका अधिक सुखी होत्या, असं गोविंदरावांनी आकड्यांनिशी मांडलं. खुलासा करण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि मला रात्रभर एकही वाक्य सुचलं नाही.

सकाळी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. माझी पत्नी नीरा पापडीच्या शेंगा सोलत होती. नऊ वर्षांपूर्वी तिचीही हीच तपासणी याच चिकित्सालयात झाली होती. जुन्या नोंदी पूर्ण असाव्यात, या शुद्ध कार्यालयीन हेतूने मी तिला आकडा विचारला.

"नऊ," ती म्हणाली. मान वर न करता.

"नऊ?" मला वाटलं, ती वर्षं सांगतेय. "अगं, मी दुखण्याचं विचारतोय."

"मी पण तेच सांगतेय."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, 'झालं ना?' मी म्हटलं, झालं. तेवढाच प्रश्न होता." तिने एक शेंग मोडली. "संध्याकाळी तुमचे दोन मित्र जेवायला होते. पुरणपोळ्या केल्या होत्या मी. तुम्ही म्हणालात, जरा जाड झाल्यात."

ते मित्र मला आठवले. पोळ्याही आठवल्या. जाड होत्या हेसुद्धा आठवलं. तिचा चेहरा कसा होता, ते मात्र काही केल्या आठवेना. मी तिच्यासमोर बसलो आणि पापडी सोलायला लागलो. तिने माझ्यापुढे ताट सरकवलं.

खुलासा अजून लिहायचा आहे. दरम्यान ही हकिगत मी तीन-चार स्नेह्यांना वाचून दाखवली. सगळे मनमोकळं हसले, विशेषतः दाढेपाशी, आणि प्रत्येक जण शेवटी म्हणाला, "बाकी आमच्या घरी असलं काही नाही हं. आमच्या हिचं सगळं अगदी सहज पार पडलं." वाचकहो, हे वाक्य आपल्याही मनात येऊन गेलं असेल, तर नोंदीच्या पूर्णतेसाठी एवढंच कळवावं: ही माहिती आपण कुणाला विचारून मिळवलीत?